गाडीच्या काचेचा जुना क्लॅम्प

मित्रांनो, आजचीच गोष्ट सांगून राहिलो आहे.

सकाळच्या थंडीत बोटं आखडतात, म्हणून काल गोहलपुरातल्या आमच्या नेहमीच्या मेकॅनिककडून बाईकच्या हँडलला गरम कव्हर अन् पुढे काच लावून घेतली.

आज बायकोला शाळेत सोडायला निघालो. वळणावर काच धरून ठेवणारा क्लॅम्प तुटला, काच हँडलवर आदळली आणि आम्ही दोघं पडलो. तिच्या गुडघ्याला टाके पडले.

तिला घरी पोचवून मेकॅनिकच्या दुकानात गेलो. तुटलेला क्लॅम्प जुनाच होता, वेल्डिंग करून वर काळा रंग मारलेला.

"काहून असं केलं?" मी विचारलं.

तो खाली बघत म्हणाला, "भैया, आप कभी चेक नहीं करते न."

पंधरा वर्षं चेक केलं नाही, कारण मी त्याला मित्र समजत होतो. तुम्ही मित्राचं काम तपासता का?