पेटीतला काळा तुकडा

कल्पना करा, टेबलावर अंगठ्याहून जाड असे पोलादाचे दोन दांडे आहेत. एक आरशासारखा चकचकीत, दुसरा काळा, खवले सुटलेला. तळहातावर मावणाऱ्या वाफेच्या इंजिनासाठी तुम्हाला यातल्या एकातून क्रँकशाफ्ट कातायचा आहे. कुठला उचलाल?

आत्याने चकचकीत उचलला. मीही तोच उचलला असता.

आत्या एकतीस वर्षं पंपांच्या कारखान्यात लेथवर होती. तिला लेथ शिकवला मास्तरांनी. त्यांचे हात थरथरू लागले, तेव्हा स्वतःसाठी जमवलेले इंजिनाचे ओतीव भाग त्यांनी लाकडी पेटीत भरून तिच्या घरी आणून दिले. "तू कर. शाफ्टला मात्र चकचकीत बारच घे, काळ्याला हात लावू नकोस." मग दर रविवारी यायचे आणि दारातूनच विचारायचे, "फिरलं का?"

आता सोमवारी ते कायमचे मुलीकडे राहायला जाणार होते, दूर. हातात एकच रविवार होता.

पहिल्या शाफ्टसाठी आत्या चार दिवस खपली. तो खाचेच्या व्ही-ठोकळ्यांवर ठेवून तिने वाकडेपणा मोजणारा डायल लावला आणि हळूच फिरवला. काटा नाचायला लागला. शाफ्ट वाकला होता. दुसरा एका दिवसात झाला, पण तोही तसाच वाकला.

"हात गेला माझा," ती म्हणाली.

"हात कसला जातोय, आत्या! चकचकीत बार थंडच ओढून काढतात. त्याच्या अंगात ताण राहतो. एका बाजूने कोरलं की तो ताण सुटतो आणि दांडा वाकतो. काळा तापवून लाटतात, त्यात ताण फारसा उरत नाही."

"मग जन्मभर त्याचेच पंपाचे शाफ्ट काढले, ते नाही वाकले?"

"ते चहूबाजूंनी सारखे कातलेले. क्रँकचं तसं नसतं, त्याला मधेच एका बाजूला कोपर ठेवावा लागतो."

"आणि हे मास्तरांना ठाऊक नाही? तुला कॉलेजच्या तीन वर्षांत कळलं आणि त्यांना चाळीस वर्षांत नाही! शहाणी माझी."

ती दोन्ही वाकडे शाफ्ट हातात घेऊन खोलीभर फिरत राहिली.

शनिवारी चकचकीत बार संपला. पेटीच्या तळाशी, फ्लायव्हील आणि सिलिंडर यांच्यामध्ये, एक काळा तुकडा घट्ट बसला होता. सामान हलू नये म्हणून घातलेली पाचर, असंच आम्ही समजत होतो. आत्याने तो उपटून काढला, बराच वेळ पाहिला आणि लेथच्या चकात धरला.

"मास्तरांना यातलं एक अक्षर कळता कामा नये," तिने मला बजावलं.

संध्याकाळी डायलचा काटा जागचा हलला नाही.

रविवारी वाफेऐवजी मी फुटपंपाने हवा दिली. इंजिन दोनदा अडखळलं आणि मग फिरलं. मास्तर कान लावून ऐकत राहिले. "बघ, सांगितलं होतं ना? चकचकीतच घे म्हणून!"

मी तोंड उघडलं, तोच आत्याने टेबलाखाली माझा पाय दाबला. "हो, मास्तर."

निघताना त्यांची नजर कोपऱ्यातल्या पेटीकडे गेली. "सगळी रिकामी झाली?"

"सगळी."

ते हसले आणि जिना उतरले.

तेव्हापासून आत्या इंजिन पुसायला घेते आणि मध्येच थांबते. "तो तुकडा त्यांनी नुसता पाचर म्हणून घातला होता, की शाफ्टसाठीच? आणि शाफ्टसाठीच असेल, तर काळ्याला हात लावू नकोस असं का म्हणाले गं?"