फरक जाणवला नाही

माझ्या थोरल्या बहिणीने बावीस वर्षांत घरात कुणालाही "मीठ बरोबर आहे का?" असं विचारलं नव्हतं. तिला विचारायची गरज नव्हती आणि आपणहून सांगायची आमची छाती नव्हती. वेफर्सच्या कारखान्यात चव बघायचं काम तिचं. तिथे तिला सगळे 'काटा' म्हणत, कारण चिमूटभर इकडचं तिकडे झालं तरी तिला कळायचं. मी त्याच कारखान्यात पाकिटं भरायच्या मशीनवर. ताईने मान हलवल्याशिवाय आमचं मशीन सुरू होत नसे, आणि घरी मला भांडी घासायला लावतानाही ती हे विसरू देत नसे.

तर एका दुपारी जेवताना तिने विचारलं, "मीठ बरोबर आहे ना गं?"

मी सवयीने हो म्हणाले, सूपचा चमचा तोंडात घातला आणि तो तिथेच राहिला. सूपमध्ये मीठ नव्हतंच.

मग तिने स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि सांगितलं. तीन आठवड्यांपूर्वी आलेला ताप जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेला होता. डॉक्टर म्हणाले होते, येईल परत, कदाचित. त्या 'कदाचित'च्या भरवशावर ती रोज कामाला जात होती. वेफरचा रंग बघायची, मोडताना आवाज ऐकायची, बोटाला लागलेलं तेल चोळून बघायची आणि मान हलवायची.

"कुणाला बोलू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची," ती म्हणाली.

मला आधी तिचा रागच आला. तिने मान हलवली की मी डोळे मिटून पाकिटं भरत होते! पण 'काटा' नसलेली ताई म्हणजे कोण, हे मलाही माहीत नव्हतं आणि तिलाही. त्या भीतीने मी गप्प बसले.

आणि नेमका त्याच आठवड्यात मटणाचा वेफर आला. मंद आचेवर भाजलेल्या मटणाची चव, लिमिटेड एडिशन, फक्त दोन महिने विकायचा. त्यात मटणाचा कणही नव्हता. कांदा, लसूण, धुराच्या वासाची पूड आणि कसली कसली भुकटी. बटाट्याने मटणाचं सोंग घेतलं होतं आणि माझ्या बहिणीने जिभेचं.

नव्या चवीची परीक्षा वेगळ्या खोलीत व्हायची. पाच जण पाच कप्प्यांत बसायचे. मधे फळ्या, बोलायला बंदी. लहानशा खिडकीतून प्रत्येकापुढे तीन वाट्या सरकायच्या. दोन वाट्यांत एकच माल, तिसऱ्यात वेगळा. वेगळी कोणती, तिचा नंबर लिहायचा. आणि खोलीत दिवा लाल असायचा, रंगावरून कुणी ओळखू नये म्हणून.

"रंगच दिसणार नाही गं," आदल्या दिवशी ताई म्हणाली. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"ठोकून दे एखादा नंबर. तीनपैकी एक तर बरोबर असणारच."

"आणि चुकला तर?"

मी भांडी घासायला घेतली.

परीक्षेच्या सकाळी मी मशीनजवळ उभी होते. आत काय झालं ते ताईने नंतर सांगितलं. तिने पहिल्या वाटीतला वेफर खाल्ला. पुठ्ठा. दुसरा, पुठ्ठा. तिसरा, पुठ्ठा. पाणी पिऊन पुन्हा खाल्ले. बाजूच्या फळीपलीकडे कुणाचं तरी पेन्सिलने लिहिणं ऐकू येत होतं. कागदाच्या तळाशी एक चौकोन असतो, 'फरक जाणवला नाही'. त्यात खूण करणं म्हणजे माझी जीभ कामाची नाही असं लिहून देणं. बावीस वर्षांत कुणी ती केलेली तिने पाहिली नव्हती. तिचा हात नंबरावर गेला आणि तिथे चालेचना. तिने चौकोनात खूण केली. आता सगळं संपलं, असं तिला वाटलं.

अर्ध्या तासाने प्रयोगशाळेच्या मॅडम ताईचा हात धरून आमच्या मशीनपाशीच आल्या.

"ऐका सगळे! तिन्ही वाट्यांत आज एकच माल होता. कोण अंदाजपंचे लिहितं ते बघायला मी मुद्दाम ठेवला. चौघांनी नंबर लिहिले. खरं एकट्या हिनेच लिहिलं!"

टाळ्या पडल्या. ताईचा चेहरा पांढराफटक.

"तळणाच्या दुसऱ्या टाकीतलं तेल खवट झाल्याची मला शंका आहे," मॅडम ताईकडे वळून म्हणाल्या. "आता त्यात तळलेल्या मालाला फक्त तुमचीच मान चालेल. इतर कुणाची नाही."

आगीतून फुफाट्यात. ताईने माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी खुणावलं, बोलू नकोस. मला आजही त्याची लाज वाटते.

"मॅडम," ताई म्हणाली, "मी खरं ओळखून नाही लिहिलं. मला चवच कळत नाही. तीन आठवडे झाले."

टाळ्या एकदम थांबल्या नाहीत. मागच्यांना ऐकू गेलं नव्हतं, ते वाजवत राहिले.

"म्हणजे तीन आठवड्यांत तुम्ही पास केलेला माल..."

"सगळा तसाच."

दर दिवसाच्या मालाचं एक पाकीट कपाटात ठेवलेलं असतं. ती सगळी फोडून मॅडम आणि बाकीचे चौघे संध्याकाळपर्यंत चाखत बसले. आम्ही दोघी बाहेर बाकावर. दार उघडलं की आम्ही उठून उभ्या राहायचो. कुणी आजारी पडलं असेल का, एवढंच ताई पुन्हा पुन्हा विचारत होती. शेवटी एका दिवसाचा माल फार खारट निघाला, तो परत मागवायचं ठरलं. बाकीचा ठीक होता. मॅडम ओरडल्या नाहीत. "चव परत आली तर या," म्हणाल्या.

घरी येऊन ताईने बटाटे उकडले, सोलले, मीठ भुरभुरलं. मग एक फोड चमच्यावर घेऊन माझ्यापुढे धरली.

"चाखून सांग."

बावीस वर्षं सगळा कारखाना तिच्या तोंडाकडे बघायचा, तशी ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मीठ भलतंच जास्त होतं. माझी जीभ उचलेना. असली भीती घेऊन ही बाई तीन आठवडे रोज मान हलवत होती, हे मला तेव्हा कळलं.

"खारट झालंय, ताई."

तिने मान हलवली. उरलेल्या फोडी चाळणीत ओतून नळाखाली धरल्या, आणि पुन्हा चमचा पुढे केला.

"आता?"