मामांचं जड पाणी

जगातल्या तमाम पाण्याकडे तुच्छतेनं पाहणारा माणूस मी एकच पाहिला आहे : माझ्या बायकोचे मामा. जड पाण्याच्या कारखान्यात उभा जन्म काढून ते पवनानगरला येऊन राहिले. पण दारासमोरच्या भरल्या धरणालाही ते "हे आपलं हलकं" असंच म्हणत. कुणी पेला तोंडाला लावला की मामा सुरू. "आमचं पाणी असतं तर लिटरमागे शंभर ग्रॅम जास्त भरलं असतं. त्याचा बर्फ साध्या पाण्यात बुडतो, जावईबापू, बुडतो!" अणुभट्टीतल्या उधळलेल्या न्यूट्रॉनांना ते पाणी कशी वेसण घालतं, हे त्यांनी एका लग्नात जिलबी वाढणाऱ्याला थांबवून समजावलं. त्यापुढच्या पानांवर जिलबी काही पोचली नाही.

गेल्या वर्षी वस्तीतल्या बायकांनी विहिरीच्या पाण्याची तक्रार केली. त्यात क्षार इतके, की डाळ शिजेना. तपासणीला साहेब आले, तेव्हा शेजारच्या मावशी म्हणाल्या, "सायेब, हितलं पानी लय जड हाय."

मामा ताडकन उठले. "साफ चूक! जड पाणी निराळं. ते अणुभट्टीला लागतं, औषधांच्या संशोधनाला लागतं. विहिरीत ते नावापुरतं असतं!"

साहेब खूश झाले. 'पाणी जड नाही, असे तज्ज्ञांचे मत' एवढं टिपून ते गाडीत बसले.

वस्तीनं मामांशी बोलणं टाकलं. न्हाव्यानंसुद्धा त्यांची दाढी तोंडातून शब्द न काढता केली. आठ दिवस असेच गेले. मग पाच बाटल्या भरून, मला सोबत घेऊन ते पुण्याच्या प्रयोगशाळेत गेले. अहवाल आल्यावर नवा अर्ज त्यांनी स्वतःच लिहिला. क्षारांच्या पाण्याचा शास्त्रातला शब्द, 'कठीण पाणी', लिहून थांबले, मोठा सुस्कारा सोडला, ते खोडलं आणि लिहिलं : 'मावशींचे म्हणणे बरोबर आहे. पाणी जड आहे.' खाली सही ठोकली. असत्याशी त्यांनी केलेली तडजोड मी तेवढी एकच पाहिली.

नळ आला, तेव्हा मावशी ओसरीवर येऊन टेकल्या. "भाऊ, इतकी वर्सं तुमी त्ये पानी बनवलं. त्ये नक्की कशाला वो लागतं?"

आपणहून हे मामांना आजवर कुणीच विचारलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं कितीतरी वेळ पुसत राहिले.

"सांगतो," ते म्हणाले. "सांगतो हं."