डावा हात माझा, उजवा तिचा

शकुंतला कांबळे गेली, ही बातमी घेऊन आस्थापना विभागाचा शिपाई आला तेव्हा आम्ही विद्यापीठाच्या परीक्षा विभागातल्या बायका नुकत्याच मस्टरवर सह्या करून खुर्च्या ओढत होतो. तो दारातूनच म्हणाला, कांबळे बाई पहाटे गेल्या, किडन्यांनी साथ सोडली. सगळ्या उठल्या, कुणी पदर डोळ्याला लावला… आणि मी बसूनच राहिले. सांगायला लाज वाटते, पण लिहायला बसलेय तर आता झाकून काय उपयोग? मला रडू आलं नाही. मला भीती वाटली. आता तिचं सेवापुस्तक काढणार, तिची फाईल उघडणार, आणि त्यात वर्षानुवर्षांचे तपासणीचे कागद लावलेले असणार. कुणीतरी विचारणारच, ही बाई तर कागदावर आठ वर्षं ठणठणीत होती, मग हे एकदम झालं कसं? त्या कागदांवरचं नाव तिचं होतं, रक्त माझं होतं. आणि त्या भीतीच्या खाली दुसरी एक भीती होती, ती अजून गेलेली नाही. शकूला मी मारलं का?

शकू कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीची. नव्वदीच्या सुरुवातीला आमच्या विभागात रोजंदारीवर लागली. बापानं गवंड्याच्या हाताखाली काम करून हिला बी.कॉम. केलेली, घरात बाबासाहेबांच्या फोटोशेजारी हिच्या पदवीचा फोटो. सकाळी गच्च भरलेल्या बसला लोंबकळत यायची, आणि तरीही साडीची एक निरी हललेली नसायची. मी मंगळवार पेठेतली पोवारांची सून, तोंडानं फटकळ, कामात चोख पण वेळेच्या बाबतीत बेभरवशाची. सासूचं देवदर्शन, पोरांचे डबे, नळाचं पाणी… मला उशीर व्हायचाच. मग मस्टरवर माझी सही शकू ठोकायची. तिची बस चुकली की तिची मी. माझ्यापेक्षा माझी सही तिला बरी जमायची. आमच्या ऑफिसात असं सगळेच करायचे, आणि त्यात चोरी आहे असं कुणालाच वाटायचं नाही. हे आधीच सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्या सवयीतून झालं.

शकूचं खरं नाव झालं ते फलकामुळं. जिन्याखाली एक काळा फळा पडून होता. तिनं तो पुसून घेतला, आणि दर सोमवारी त्यावर खडूनं कर्मचाऱ्यांच्या बातम्या लिहायला लागली. कोण निवृत्त होतंय, कुणाची पोरगी बारावीला पहिली आली, कुठल्या रजेचा अर्ज कुठल्या टेबलावर द्यायचा, वैद्यकीय बिलाला कुठले कागद जोडायचे. खाली चौकोन आखून 'तब्येत सांभाळा'. पाणी भरपूर प्या, जेवल्यावर आवारात चक्कर मारा, चाळिशीनंतर वर्षातून एकदा रक्त तपासा. अक्षर मोत्यासारखं. कुलसचिवसुद्धा जाता जाता थांबून वाचायचे. कुणाला काही अडलं की लोक म्हणायचे, कांबळे बाईंना विचारा. तिला माहीत नसेल तर ती चार टेबलं फिरून विचारून यायची. दुसऱ्यासाठी विचारायला ती कधी लाजली नाही, हे लक्षात ठेवा.

सात-आठ वर्षं रोजंदारी केल्यावर तिच्या कायम होण्याचा कागद निघाला. सगळं जुळून आलेलं, राहिली होती फक्त वैद्यकीय तपासणी. आणि त्याच दिवसांत मी बघत होते, शकू दिवसाला तीन-तीन बाटल्या पाणी प्यायची, सारखी उठून बाथरूमला जायची, साडी अंगावर सैल झालेली. एकदा डबा खाताना मीच म्हणाले, शके, तुला शुगर तर नाही ना? तिच्या हातातला घास तसाच राहिला. मग हळू आवाजात म्हणाली, की आईला होती, पाय कापावा लागला होता, आणि घरी बाथरूममध्ये लघवीच्या जागी मुंग्या लागतायत ते ती महिनाभर बघतेय. तिला आजाराची भीती नव्हती हो. तिला भीती होती ती 'अपात्र' या शब्दाची. म्हणाली, आमच्यातलं एखादं मागं राहिलं की लोक माणसाला नावं ठेवत न्हाईत नंदा, सगळ्या समाजाला ठेवतात. माझा स्वभाव मेला असा, की गप्प बसवत नाही. मी म्हणाले, एवढंच ना? तुझी सही करते, तसं तुझं रक्त देते. कल्पना माझी. पुन्हा लिहिते, कल्पना माझी होती.

आरोग्य केंद्रात तपासणीला बाहेरची माणसं यायची, दर खेपेला नवी. त्यांच्यातलं कुणी आम्हाला ओळखत नव्हतं. माझीही तपासणी त्याच दिवशी होती. सकाळी उपाशीपोटी माझ्या नावानं डाव्या हातातून रक्त दिलं, दंडावर पदर ओढून रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले, आणि बाकीच्या पांगल्यावर 'कांबळे' म्हणून हाक आली तशी उजवा हात पुढं केला. सुई टोचलेली कळलीच नाही. बाहेर आले तर शकू चिंचेच्या झाडाखाली घामानं डबडबलेली. मला बघून आधी रडली आणि मग हसायला लागली. म्हणाली, "मराठ्याचं रक्त कांबळ्यांच्या बाटलीत गेलं की गं. तुझ्या सासूला कळलं तर मला न्हाय, तुलाच बाहेर काढंल." आम्ही दोघी वेड्यासारख्या हसलो. महिन्यात ती कायम झाली, आणि तिनं विभागात पेढे वाटले. स्वतः एक पेढा खाल्ला नाही, आणि ते फक्त माझ्या लक्षात आलं.

आम्हाला वाटलं, सुटलो. कसलं सुटतोय? पुढच्याच वर्षापासून दरसाल आरोग्य शिबिर सुरू झालं, त्याचा कागद प्रत्येकाच्या फाईलला लागणार. गेल्या वर्षी जी ठणठणीत, ती या वर्षी एकदम आजारी कशी दाखवायची? मग दरवर्षी डावा हात माझा, उजवा तिचा. शिबिराची तारीख फलकावर शकूच लिहायची, 'सर्वांनी अवश्य लाभ घ्यावा' असं, आणि ती लिहिताना तिचा खडू मोडायचा. तारीख लागली की आठ दिवस मला जेवण जायचं नाही. ओळखीचं कुणी टेबलावर बसलं तर? कुणी रांगेत मोजलं तर? औषधपाण्यासाठी ती राजारामपुरीतल्या एका डॉक्टरकडं जायची, तिथं नाव सांगायची माझं. म्हणजे विद्यापीठात ती धडधाकट, आणि राजारामपुरीत मी आजारी. गोळ्या चालू व्हायच्या, मग कुणीतरी तिथं ओळखीचं भेटायचं, की महिना-दोन महिने पुन्हा बंद. मधल्या काळात कारल्याचा रस आणि मेथ्या. ऑफिसात गोळी घ्यायची नाही, बिल लावायचं नाही, कुणापुढं पायाला मुंग्या येतात म्हणायचं नाही. 'तब्येत सांभाळा'चा चौकोन मात्र एकही सोमवार रिकामा गेला नाही.

एका दुपारी ती निकालाचे गठ्ठे ठेवून वरून खाली आली, फलकापर्यंत चालत गेली, परत आली. माझी नजर तिच्या पायाकडं गेली. एका पायात चप्पल, एक पाय उघडा. जिन्यात चप्पल निघून पडली होती आणि तिला पत्ताच नव्हता. मी ती आणून दिली. ती कितीतरी वेळ त्या पायाकडं बघत राहिली, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखी. आई गं… तेव्हा मी तिला हाताला धरून आरोग्य केंद्रात न्यायला हवं होतं. मी काय केलं? इकडंतिकडं बघितलं, कुणी पाहिलं का म्हणून.

आणि मग ते शिबिर आलं. आठवं. चार दिवसांनी आरोग्य केंद्रातून दोघींना बोलावणं. नव्या डॉक्टरीण बाई होत्या, वयानं आमच्यापेक्षा लहान. समोर दोन कागद ठेवलेले. म्हणाल्या, शुगर दोघींची वाढलीय, ते एक असो, पण दोन बायकांचे सगळे आकडे एकाच बाईचे असल्यासारखे जुळतात कसे? इतकी वर्षं चांगल्या आकड्यांकडं कुणी बघितलंच नव्हतं. माझं रक्त बिघडलं तेव्हा आम्ही सापडलो. मनात काय आलं सांगू? हिनं राजारामपुरीत माझं नाव घातलं, म्हणून हे मला लागलं. इतका घाणेरडा विचार आला. शकूनं मात्र खुर्चीचा हात घट्ट धरला आणि सगळं सांगून टाकलं, पहिल्यापासून. डॉक्टरीण बाईंनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, कशासाठी केलंत हे? शकू म्हणाली, अपात्र ठरवलं असतं, नोकरी गेली असती.

"शुगरसाठी कारकुनाला कोण अपात्र ठरवतं?" डॉक्टरीण बाई म्हणाल्या. "गोळ्या घ्या आणि काम करा, एवढंच लिहिलं असतं कुणीही. विचारलं नाहीत का कुणाला?"

नव्हतं विचारलं. साऱ्या विद्यापीठासाठी चार टेबलं फिरून येणाऱ्या बाईनं स्वतःसाठी एक प्रश्न एका टेबलावर विचारला नव्हता, कारण विचारलं असतं तर संशय आला असता. आणि मी, जिचं तोंड कधी बंद नसतं, मीही विचारलं नव्हतं. डॉक्टरीण बाईंनी ते दोन्ही कागद फाडले, पुन्हा दोघींचं रक्त घेतलं, या वेळी समोर बसवून. माझं गोळ्यांवर भागलं. शकूच्या किडन्या निम्म्याहून अधिक गेलेल्या होत्या.

त्यानंतर तिनं उघड औषध घेतलं, उघड रजा टाकल्या, डब्याआधी सगळ्यांसमोर गोळी घ्यायला लागली. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. शेवटची भेटले तेव्हा ती खाटेवर, मशीनला जोडलेली, हात सुजून निळा पडलेला. मी तिला शेवटी विचारलंच, "शके, मी मारलं का गं तुला?" तिनं डोळे उघडले. आमच्या कोल्हापूरच्या पोरी बोलतात तसं, गड्यागत बोलायची ती.

"गप की," म्हणाली. "तू रक्त दिलंस. घाबरलो मी… आणि घाबरून गप बसलो. तू आता गप बसू नको."

तिनं मला माफ केलं असं समजून मी घरी आले नाही. ती तशी बोलली, तो तिचा मोठेपणा. मी जर त्या दिवशी डबा खाताना फुशारकी मारली नसती, तर ती कदाचित रडतरडत का होईना, खरं रक्त द्यायला गेली असती. हे 'कदाचित' माझ्या मागं लागलंय. सकाळी गोळी घेताना लागतं, जिना उतरताना लागतं. गप बसू नको म्हणाली खरी, पण तिच्या घरी भेटायला गेले तेव्हा तिच्या एकुलत्या पोरीसमोरही माझी जीभ रेटली नाही.

परवा यंदाचं शिबिर झालं. शकूला जाऊन पाच आठवडे झाले होते. टेबलावर एक नवी पोरगी, हातात यादी, गेल्या वर्षीचीच काढलेली असावी. आम्ही बायका बाकावर रांगेनं बसलेलो. तिनं नाव वाचलं, "कांबळे शकुंतला." आणि मी उठले. कळलंसुद्धा नाही, उठून टेबलापाशी जाऊन बाही वर केली. तिनं विचारलं, कांबळे तुम्हीच ना? आठ वर्षं दिलेलं उत्तर तोंडातून गेलं, व्हय.

बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, सुनंदा, अगं शकू गेली. जिला आम्ही इतकी वर्षं भ्यालो ती वेळ अशी आली, भर शिबिरात, पंधरा बायकांसमोर. मी मागं वळले आणि म्हणाले, "म्हाईत हाय. तिचं रक्त आठ वर्षं मीच देत होते."

त्या पोरीनं पेन उचललं, यादीतल्या नावावर रेघ ओढली, आणि मला विचारलं, मग तुमचं नाव काय?

मी माझं नाव सांगितलं.