दोघींचा वर्ग

मुलांनो,

धाकटीने कॉलेजात ग्रीक आणि लॅटिन घ्यायचे ठरवले आहे आणि त्यावरून तुमच्या घरात वाद चालू आहे, असे तुमच्या आईने फोनवर सांगितले. परदेशच्या फोनवर मला नीट बोलता येत नाही, आणि पुढच्या महिन्यात डोळ्याचे ऑपरेशन आहे. म्हणून आजच लिहायला बसले. वाद मिटवायला नव्हे. माझ्या शब्दाने तो मिटणार नाही. मीही एकदा जुनी भाषा शिकायला निघाले होते. ते कसे राहिले एवढेच क्रमाने सांगते.

स्वातंत्र्य मिळायच्या आदल्या एकदोन वर्षांतली गोष्ट. माझे वडील धुळ्याच्या शाळेत इंग्रजी शिकवत. जळगावला नवे कॉलेज निघाले तेव्हा त्यांनी मला तिथे मामांकडे ठेवले. बी.ए.ला मी संस्कृत घेतले. वर्गात आम्ही दोघीच, मी आणि धरणगावची एक मुलगी. तिच्या वडिलांचा कापसाचा व्यापार होता. सगळे त्यांना नाना म्हणत. ती जळगावात आत्याकडे राही. दोघींतली एक कमी झाली तर विषय बंद, असे प्राचार्यांनी पहिल्याच दिवशी बजावले होते. त्यामुळे तिला नुसती शिंक आली तरी मी आल्याचा काढा घेऊन तिच्या आत्याकडे जाई.

आमचे सर उतारवयाचे होते. टेबलाशी समोर बसवून शिकवत. त्या वर्षी एका राजाचा विलाप चालू होता. राणी अचानक जाते आणि राजा शोक करतो. शिकवताना सर आमच्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत. तो भाग आम्हा दोघींना पाठ न करताच पाठ झाला.

दिवाळीनंतर नानांनी मैत्रिणीसाठी स्थळ आणले. धुळ्याचे, जिनिंगवाले, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना असलेले. नको म्हणायची सोय नव्हती. नाना सगळे ऐकून घेत, मान हलवत, आणि ठरवलेले असेल तेच करत. म्हणून तिने वेगळाच बेत केला.

"गाणं म्हण म्हणतीलच. मी विलाप म्हणणार, पहिल्यापासून शेवटपर्यंत," ती म्हणाली. "बघायच्या कार्यक्रमात मेलेल्या बायकोचं रडगाणं. असली अवलक्षणी पोर कोण करून घेईल?"

"नाना मारतील तुला."

"मारू देत. वर्ग तर राहील."

त्या रविवारी पोह्यांच्या बशा फिरवायला मीही धरणगावला गेले. मुलाची आजी लोडाला टेकून बसली होती.

"गानं येस का तुले, बेटा?" तिने अहिराणीत विचारले.

मैत्रिणीने मान खाली घातली आणि सुरुवात केली. आवाज ठाम होता, कुठे अडखळली नाही. राजा दैवाला बोल लावू लागला तेव्हा मी दारात बशी धरून उभी होते आणि आजीचा चेहरा कधी पडतो याची वाट बघत होते. आजीने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हात जोडले. मुलाच्या वडिलांनी काढून ठेवलेली टोपी पुन्हा डोक्यावर घातली. त्या खोलीत संस्कृत कोणालाच कळत नव्हते. आम्ही दोघींनी नेमके एवढेच लक्षात घेतले नव्हते.

ती थांबली, पण आजीला आणखी ऐकायचे होते.

"आखो म्हन, बेटा," आजी म्हणाली. मग मुलाच्या वडिलांकडे वळून, "पोर गुनी शे. बठ्ठं पाठ शे तिले. आते आमना घरमा रोज पोथी व्हई."

"रोजच म्हणते ती," नाना म्हणाले. त्यांनी तिचे ते म्हणणे पहिल्यांदाच ऐकले होते.

"मग नाना, सुपारी आजच फोडू," मुलाचे वडील म्हणाले.

मी आत गेले तेव्हा ती चुलीपाशी बसली होती. "आता गं?" मी विचारले.

"आता काय. सरांना सांग, उच्चार स्पष्ट झालेत."

माघात तिचे लग्न झाले. सर माझ्यासाठी प्राचार्यांकडे दोनदा जाऊन आले. दुसऱ्यांदा आले ते पुस्तक मिटूनच. "एकीसाठी वर्ग चालवता येत नाही म्हणतात," ते म्हणाले, "आणि मला दुसरं काही शिकवता येत नाही." पुण्याला जाऊन संस्कृत पुढे शिकू का असे वडिलांना विचारले, तर त्यांचे उत्तर आले की पुण्यात तुला ठेवू कोणाकडे? त्यांचेही खोटे नव्हते. कोणावर रागवावे असे कोणी सापडत नव्हते. मी अर्थशास्त्र घेतले आणि पास झाले.

पुढच्या श्रावणात मी धुळ्याला घरी होते. मैत्रिणीच्या सासरी कानबाई, आमच्या खानदेशात श्रावणात घरी बसवतात ती देवी, बसली होती, म्हणून बोलावणे आले. बायकांची कानबाईची गाणी झाल्यावर आजेसासू तिला म्हणाली, "आते तुन्हं म्हन." हिरव्या लुगड्यात, देवीपुढे, ती राजाचा विलाप म्हणू लागली. बायका हात जोडून बसल्या. तिने एकदा माझ्याकडे बघितले, मग शेवटपर्यंत बघितले नाही. मीही हात जोडले. दुसरे करण्यासारखे काही नव्हते.

ती जाऊन आता बरीच वर्षे झाली. सर त्याआधीच गेले. मागच्या श्रावणात मी त्या घरी जाऊन आले. तिच्या सुनांना आणि नातींना तो विलाप पाठ आहे. अर्थ कोणी विचारला नाही, मी सांगितला नाही. कानबाईपुढे तो अजून म्हणतात.