आईच्या कानांचा सौदा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि मी काही तोंड मिटून बसणारा माणूस नाही — भिवंडीत कुणालाही विचारा, माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो. पण ही एक गोष्ट... ही मी गिळून बसलो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. किंवा कदाचित ओळखतही असाल. असू दे.

निजामपुऱ्याच्या गल्ल्यांतून पाठीवर गोणी टाकून मी लूमवरची चिंधी गोळा करायचो. आज राहनाळला माझं स्वतःचं गोडाऊन आहे. हे मला कुणी दिलं नाही, एकेक गोष्ट मी भाव करून मिळवली. भाव करण्याची माझी पद्धत साधी — मागितलेल्या किमतीच्या निम्मी सांगायची, समोरचा नाही म्हणाला की उठायचं आणि दाराकडे चालू लागायचं. दार ढकलेपर्यंत मागून हाक येते. येतेच. नाही आली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं आणि पुन्हा उठायचं.

आई खारबावला धाकट्या भावाकडे, विलासकडे राहायची. विलास एका गोडाऊनमध्ये हमालीला होता. दोन खोल्या, पत्रा. माझ्या फ्लॅटमध्ये लिफ्ट, गीझर, सगळं. तरी आई माझ्याकडे आली की संध्याकाळ व्हायच्या आत म्हणायची, “आता मना घरी सोड.” घरी म्हणजे त्याच्याकडे! मग माझं काय होतं, लॉज? हा राग माझ्या मनात तेव्हा होता आणि — कबुलीच द्यायची तर पूर्ण देतो — आजही आहे.

शेवटच्या वर्षी आईला ऐकू येईनासं झालं. हाताचा पंजा कानामागे धरायची, हसायची आणि कशालाही “हाय, हाय” म्हणायची. जेवलीस का? हाय, हाय. पाय दुखतो का? हाय, हाय. विलासने कल्याणच्या एका दुकानात कानाचं मशीन बघितलं होतं. हप्ते करून घेतो म्हणाला. मी उसळलो. म्हटलं, मी थोरला आहे, आईला मशीन मी घेणार, तू मध्ये पडायचं नाही. तुला भाव करता येत नाही, कुणीही फसवेल. त्याने मान हलवली. तो नेहमीच हलवतो.

मी दुकानात गेलो. निम्मी किंमत सांगितली. उठलो, दारापर्यंत गेलो. हाक आली नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो, पुन्हा उठलो. मला घाई नव्हती. आई कुठे पळून जाणार होती?

त्या पावसाळ्यात तिला न्यूमोनिया झाला आणि ती गेली. शेवटच्या दिवसांत विलासची मुलगी प्रज्ञा तिच्या उशाशी बसून काहीतरी सांगत राहायची, आणि आई पंजा कानामागे धरून हसायची.

हे झालं घरातलं. आता खरं ते पुढे आहे.

खारबावच्या आमच्या विहारात वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, रविवारी ग्रंथाचं वाचन झालं की एक बाई, निवृत्त शिक्षिका, एखादी गोष्ट वाचून दाखवायच्या आणि मग सगळ्यांना विचारायच्या, “हा माणूस असा का वागतो, सांगा.” कुणी काही बोललं की म्हणायच्या, “हे झालं तो काय करतो ते. का करतो?” मला हा प्रकार आवडायचा. समोरच्याच्या मनात काय आहे हे ओळखण्यावरच तर माझं पोट चालतं.

आई गेल्याच्या पुढच्या वर्षी एका रविवारी बाई म्हणाल्या, “आजची गोष्ट आपल्यातल्याच एकाने लिहिली आहे. नाव चर्चेनंतर सांगू.” विनोदी गोष्ट होती. एक माणूस म्हाताऱ्या आईसाठी कानाचं मशीन घ्यायला जातो आणि भाव करत राहतो. दुकानदार दमतो, दुकानदाराचा मुलगा मोठा होऊन गल्ल्यावर बसतो, तरी हा आपला उठतोय आणि दाराकडे चालतोय. शेवटी सौदा जमतो, तोवर आई मेलेली. मग तो मशीन दुकानात परत घेऊन जातो आणि म्हणतो — वापरलेलं नाही, तुम्ही आधी सांगितलेली पूर्ण किंमत द्या. आयुष्यातला सगळ्यात फायद्याचा सौदा झाला म्हणून पेढे वाटतो.

लोक पोट धरून हसत होते. मीही हसत होतो, गोष्टीतली म्हातारी “हाय, हाय” म्हणेपर्यंत. तिथे मला कळलं, हे कुणी लिहिलंय. प्रज्ञा पुढच्या रांगेत मान खाली घालून बसली होती.

तेवढ्यात आमचा एक रिक्षावाला ओरडला, “शेठ, हा तर तुमचाच जुळा भाऊ वाटतोय! उठून चालायला लागतो तो!” पुन्हा हशा. सगळ्या माना माझ्याकडे. प्रज्ञाच्या बी.एड.ची फी मी भरत होतो, आणि ही मला चावडीवर उभं करते? एरवी मी उठून राडा केला असता. पण सौद्यात फार राग आला की मी थंड होतो. त्या दिवशी मी फार थंड झालो.

बाईंनी विचारलं, “कंजूष आहे, म्हणून असं वागतो का?”

मी म्हणालो, “नाही बाई. कंजूष नाही तो.” आणि मी सांगत गेलो. म्हणालो, या माणसाच्या बापाला दुकानदार पायरीखाली उभा ठेवायचा, भाव सांगायचा आणि बाप निमूट द्यायचा. एकदा बापाने विचारलं, काही कमी होईल का? दुकानदार उत्तरसुद्धा न देता बाकीच्या गिऱ्हाइकांकडे बघून हसला. पोरगं शेजारी उभं होतं. तेव्हापासून कुणी किंमत कमी केली की त्याला वाटतं, समोरच्याने आपल्याला माणूस म्हणून मोजलं. त्याला पैसे वाचवायचे नसतात, मागून येणारी हाक हवी असते. आईसाठी गेला, पण तिथेही त्याला हाकच हवी होती.

बाई म्हणाल्या, “इतकं नेमकं आजवर कुणी सांगितलं नाही. तुम्हाला कसं कळलं हो?”

इथे मला खरं बोलता आलं असतं. शब्द तोंडाशी होते — ऐकणारे तयार होते — कदाचित रडलेही असते. मी काय केलं?

मी मागे, दाराजवळ बसलेल्या विलासकडे बोट केलं. म्हणालो, “कसं कळणार नाही? आमच्याच घरातलं आहे. मी पैसे देत होतो, हा भाव करत बसला.”

बाप दोघांचा एकच. म्हणून ते सगळं त्याच्यावर बरोबर बसलं.

आणि हे रागात तोंडून निघालं नाही, हे लक्षात घ्या. बोट उचलण्याआधी मी हिशोब केला होता. सौद्यात समोरच्याची गरज आधी बघायची असते. विलासला पोरीचं शिक्षण हवं होतं आणि फी माझ्या हातात होती. तो नाही म्हणणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

विलास उभा राहिला. पोरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाला, “दादा बोलतो तसंच हाय.”

प्रज्ञा अर्धवट उठली होती. त्याने तिला हातानेच बसवलं. लेखकाचं नाव बाईंनी सांगितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी तो गोडाऊनवर आला. मला वाटलं, भांडेल. मी तयारही होतो. तो एवढंच म्हणाला, “पोरीला काय बोलू नको, दादा. तिची परीक्षा हाय.” आणि गेला. मी त्याला हाक मारली नाही.

विहाराची किल्ली त्याच्याकडे असायची. पहाटे उघडायचा, झाडायचा, मेणबत्त्या लावायचा. महिन्याभरात विहाराच्या बैठकीत ती गोड बोलून काढून घेतली. आईला बहिरी मारली, त्याच्या हातची मेणबत्ती नको, असं कुणीतरी म्हणालं. त्या बैठकीत मी होतो. प्रज्ञा आता शिक्षिका आहे, लिहीत नाही. मला “मोठे पप्पा” म्हणते, वाकून नमस्कार करते, डोळ्यांकडे बघत नाही.

अजून एक राहिलं. हे गोष्टीत नाही, कारण हे प्रज्ञालाही माहीत नव्हतं. आई गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, लोक जेवत असताना, कल्याणच्या दुकानदाराचा फोन आला. “चलो सेठ, आप जीते. आपके रेट में ले जाओ.” आईचा फोटो समोर होता. फोटोला हार होता. आणि माझ्या छातीत सगळ्यात आधी जे उसळलं, ते दुःख नव्हतं. मला आनंद झाला.

गेल्या महिन्यात खारबावला एका साखरपुड्यात होतो. विलास वाढायला होता, हातात भाताचं भांडं. कोपऱ्यातल्या पंगतीतून कुणीतरी ओरडलं, “ए मशीन! इकडे आण!” त्याला आता गावात हेच नाव आहे. नव्या पोरांना तर का पडलं तेही माहीत नाही. विलास वळला, “आलो” म्हणाला आणि गेला. माझ्या शेजारचा हसला.

मीही हसलो.