होळीपर्यंत

मुकादमाचा ट्रक शाळेसमोर उभा राहिला की माझं पित्त खवळायचं. दिवाळी झाली की अक्कलकुव्याच्या डोंगरातली निम्मी माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात, आणि माझा पहिलीचा वर्ग त्याच ट्रकमध्ये चढून बसतो. मागे राहणाऱ्या मुलांसाठी सरकारने हंगामी वसतिगृह सुरू केलं. शाळेतच दोन वेळचं जेवण, सतरंज्या, ब्लँकेटं. कागदावर सगळं झकास. पण सहा वर्षांच्या पोरीला आईशिवाय झोप कशी लागायची, हे कोणत्या परिपत्रकात लिहिणार?

त्या वर्षी माझ्या वर्गात अशीच एक मुलगी होती. घरी भिली बोलणारी, शाळेतल्या मराठीला बिचकणारी. दिवाळीच्या तोंडावर कुठे तिला कंठ फुटला होता. ती आता गेली असती तर परत पहिले पाढे पंचावन्न. म्हणून रोज शाळा सुटली की मी तिच्या दारात जाऊन बसायचे. आई ऐकेना. कडेवर तान्हं मूल, उसाच्या फडात त्याला सांभाळायला हीच हवी.

शेवटी एक दिवस ती म्हणाली, "तान्ह्याची झोळी फडातच बांधीन. पण तू हिला जवळ घेऊन झोपशील का?" डोंगरात साहेबालाही तूच म्हणतात, मला त्याचं काही वाटत नाही. मी हो म्हणून बसले.

ट्रकमध्ये चढताना तिने मला बाजूला घेतलं. "होळीला येऊ. तोवर मला विसरली तर?" मी म्हटलं, आईला कुणी विसरतं का. खरं तर मलाच खात्री नव्हती.

मग माझा मुक्काम शाळेतच पडला. माझ्या कानाची पाळी चिमटीत धरल्याशिवाय पोरीला झोप येत नसे. माझा एक कान लांब झाला म्हणून स्वयंपाकाच्या मावशी मला चिडवायच्या. प्रकाशा गावाहून माझ्या आईचा फोन यायचा, "लोकस्न्या पोरी संभाळी ऱ्हायनी तू. घर कव्हय येशी?" पण घरी जायला माझा पाय निघत नव्हता. मला त्या पोरीचा लळा लागला होता. ती वाचायला लागली, भांडायला लागली, एकदा तर झोपेत मला आई म्हणाली. मला फार बरं वाटलं, आणि मग तितकीच भीतीही.

होळीच्या आधी ट्रक परत आला. आईने हाक मारली तशी मुलगी माझ्यामागे लपली. आई पुन्हा पुन्हा बोलवत होती, ही बघायलाही तयार नाही.

आईने तान्हं मूल मावशींकडे दिलं आणि मातीतच उकिडवी बसून हात पसरले. पोरगी एकदम सुटली, धावत गेली आणि आईला बुक्क्या मारायला लागली. खांद्यावर, पाठीवर, मिळेल तिथे. मी तिला ओढायला पुढे झाले, तर आईने हातानेच मला थांबवलं. तिचे डोळे वाहत होते आणि ती हसत होती.

"मारू दे बाई," ती म्हणाली. "विसरली असती तर मारलं असतं का?"